ओपन सोर्स लायसन्स कसं वाचायचं: एका पतसंस्थेच्या कामाच्या निमित्ताने

समजा, सांगलीकडच्या एका पतसंस्थेचं काम तुमच्याकडे आलंय. पिग्मी एजंटांनी दुकानोदुकानी फिरून पैसे गोळा करायचे, अ‍ॅपवर नोंद करायची, खातेदाराला मराठीत पावती मिळाली पाहिजे आणि संध्याकाळी मॅनेजरला एका पडद्यावर दिवसाचा हिशोब दिसला पाहिजे. तुम्ही सर्व्हरवर जँगो घेतलं, डेटाबेसला पोस्टग्रेस, दोघांना जोडायला सायकोपीजी. पावतीच्या पीडीएफसाठी एक लायब्ररी, डॅशबोर्डवरच्या आलेखांसाठी दुसरी, मराठीसाठी मुक्ता फॉन्ट, आणि एजंटांसाठी अँड्रॉइड अ‍ॅप. यातलं काहीही विकत घेतलेलं नाही.

या टप्प्यावर बहुतेक ठिकाणी एकच प्रश्न विचारला जातो: फुकट आहे ना? या प्रश्नाच्या उत्तरातून काहीच कळत नाही. विचारायचं ते असं: या कोडचा मालक मला काय करू देतो? (हे जिथे लिहिलेलं असतं, तेच लायसन्स.) आणि माझ्या सॉफ्टवेअरची प्रत शेवटी कोणाच्या हातात जाणार आहे? दुसरा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. लायसन्सचे निम्मे घोळ तिथेच होतात. हेच पतसंस्थेचं काम समोर ठेवून एकेक पायरी बघू.

पहिली पायरी: मालक कोण ते बघा

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅमची गणना साहित्यकृतीत होते. कोड लिहिला की कॉपीराइट आपोआप लागतो. नोंदणी लागत नाही, वर्तुळातला 'सी' लावावा लागत नाही. त्यामुळे गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर एखादा रेपो, म्हणजे एका प्रकल्पाचा सगळा कोड, सगळ्यांना दिसतोय, पण त्यात लायसन्सची फाईल नाही, तर त्या कोडचे सगळे हक्क लेखकाकडेच आहेत. गिटहबच्या अटींनुसार तुम्ही तो तिथे पाहू शकता, फोर्क करू शकता, म्हणजे तिथेच त्याची स्वतःची प्रत काढू शकता. उचलून पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये घालण्याची परवानगी त्यात येत नाही.

अशा वेळी रेपोवर एक इश्यू, म्हणजे जाहीर प्रश्न, उघडायचा आणि लेखकाला सरळ विचारायचं की लायसन्स कोणतं लावणार. बऱ्याचदा ते टाकायचं राहून गेलेलं असतं आणि लेखक खुशीने टाकतो. उत्तर आलं नाही, तर तो कोड सोडून द्या.

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरून उचललेल्या तुकड्यांनाही लायसन्स असतं: क्रिएटिव्ह कॉमन्सचं, श्रेय द्या आणि त्याच अटींवर पुढे द्या असं सांगणारं. दोन ओळींच्या युक्तीसाठी कोणी मागे लागणार नाही, पण साठ ओळींचं अख्खं फंक्शन जसंच्या तसं चिकटवत असाल, तर त्यापेक्षा ते समजून घेऊन स्वतः लिहा.

मालकीचा प्रश्न तुमच्या स्वतःच्या कोडलाही लागू आहे. पगारी नोकरीत, नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक कंपनी असते, वेगळा करार नसेल तर. स्वतंत्र काम घेणाऱ्याचं उलट आहे: पतसंस्थेने पैसे दिले म्हणून कोडची मालकी तिच्याकडे जात नाही, त्यासाठी लेखी हस्तांतर लागतं. त्या लेखात मुदत लिहिली नसेल, तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. वर्क ऑर्डरवर 'सर्व हक्क संस्थेचे' असं अर्धं वाक्य टाकून मोकळे होणारे दोन्हीकडचे लोक हे कलम वाचत नाहीत.

दुसरी पायरी: लायसन्स कोणत्या घराण्यातलं ते ओळखा

यासाठी थोडा इतिहास लागतो, थोडाच. एमआयटी या अमेरिकेतल्या विद्यापीठात काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू हा मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचा प्रकल्प जाहीर केला, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं आणि १९८९ मध्ये जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) हे लायसन्स आणलं. त्यांची खुबी अशी की कॉपीराइट मोडीत न काढता त्यांनी तोच उलटा वापरला: माझा कोड घ्या, बदला, विका, पण पुढच्याला देताना हेच सगळे हक्क आणि सोर्स कोड त्यालाही द्या. याला कॉपीलेफ्ट म्हणतात. लिनस टॉरव्हाल्ड्स यांच्या लिनक्सवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, १९९१ मध्ये सुरुवातीला व्यापारी वितरणाला मनाई करणारी अट होती. १९९२ मध्ये ते जीपीएलखाली आलं. १९९८ मध्ये ओपन सोर्स हे नाव रूढ झालं आणि ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था निघाली. तिची दहा कलमांची व्याख्या आहे, आणि त्या व्याख्येत बसणारी लायसन्सं ती मंजूर करते.

त्यातलं एक कलम आपल्याकडे हमखास विसरलं जातं: वापराच्या क्षेत्रावरून भेदभाव करता येत नाही. म्हणून 'फक्त शिक्षणासाठी' किंवा 'व्यापारी वापर वर्ज्य' अशी अट असलेला कोड दिसत असला, तरी तो ओपन सोर्स नाही. डग्लस क्रॉकफर्ड यांनी जेसन या डेटा देवाणघेवाणीच्या स्वरूपासाठीच्या कोडवर 'हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावं, वाईटासाठी नाही' अशी ओळ घातली होती. ऐकायला गोड आहे, पण चांगलं-वाईट ठरवणार कोण? तेवढ्या एका ओळीमुळे ते लायसन्स व्याख्येबाहेर गेलं आणि डेबियनसारख्या लिनक्सच्या वितरणांना तो कोड बाजूला ठेवावा लागला.

घराणी मुख्यतः दोन. एमआयटी (विद्यापीठाच्याच नावाचं लायसन्स), बीएसडी, अपाची ही मोकळी: श्रेय ठेवा, बाकी काय वाटेल ते करा. जीपीएल आणि त्याचीच भावंडं एजीपीएल, एलजीपीएल ही कॉपीलेफ्ट. या दोघांतला फरक चौथ्या पायरीत येईल.

आता आपली यादी. जँगो बीएसडी. पोस्टग्रेसचं स्वतःचं छोटं लायसन्स आहे, बीएसडीच्याच वळणाचं. सायकोपीजी एलजीपीएल. मुक्ता फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली. पीडीएफ आणि आलेख यांच्याकडे नंतर येतो, कारण अडचण तिथेच आहे.

तिसरी पायरी: मोकळ्या लायसन्सचीही अट पाळा

एमआयटी लायसन्स एकदा उघडून वाचाच. तीन परिच्छेद आहेत, चहा निवायच्या आत वाचून होतात. पहिल्यात परवानगी: वापरा, नक्कल करा, बदला, प्रकाशित करा, विका. दुसऱ्यात एकुलती एक अट: वरची कॉपीराइटची ओळ आणि हा परवानगीचा मजकूर सॉफ्टवेअरच्या प्रत्येक प्रतीत किंवा मोठ्या भागात ठेवा. तिसरा ठळक मोठ्या अक्षरांत असतो: माल आहे तसा घ्या, हमी नाही, नुकसानभरपाई नाही. म्हणजे व्याजाची आकडेमोड करणाऱ्या लायब्ररीत चूक निघाली आणि खातेदाराच्या खात्यात गडबड झाली, तर लायब्ररीच्या लेखकाकडे बोट दाखवता येत नाही. पतसंस्थेशी करार तुमचा आहे, निस्तरायचंही तुम्हीच.

दुसऱ्या परिच्छेदातली अट जवळजवळ कोणी पाळत नाही. पाळणं मात्र सोपं आहे. अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये 'ओपन सोर्स परवाने' नावाचा एक पडदा ठेवायचा आणि सगळे मजकूर तिथे टाकायचे. आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये फोनविषयीच्या भागात, कायदेशीर माहितीखाली जाऊन बघा. न संपणारी यादी दिसेल. ती याच अटीपोटी तिथे आहे. सर्व्हरवरच्या कोडसाठी पतसंस्थेला देताना 'थर्ड पार्टी नोटिसेस' अशी एक फाईल सोबत द्यायची, झालं.

श्रेयाचं कलम म्हणजे नुसती शिष्टाचाराची बाब नाही. अमेरिकेत रॉबर्ट जेकबसेन नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक खेळण्यातल्या रेल्वे चालवण्याचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर सांभाळत. त्यातल्या फाइली एका व्यावसायिकाने श्रेय आणि कॉपीराइटच्या ओळी न ठेवता स्वतःच्या उत्पादनात घेतल्या. २००८ मध्ये तिथल्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने सांगितलं की लायसन्समधल्या या गोष्टी परवानगीच्या अटी आहेत. त्या मोडल्या तर तो कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. फुकट दिलेल्या कोडच्या अटींनाही वजन असतं, हे या निकालाने पक्कं झालं.

अपाची लायसन्समध्ये आणखी दोन गोष्टी आहेत. बदललेल्या फाइलींवर बदल केल्याची नोंद ठेवायची, आणि कोड देणाऱ्यांकडून तुम्हाला पेटंटची परवानगीही मिळते. पण त्या कोडच्या पेटंटवरून तुम्हीच खटला भरलात, तर ती परवानगी जाते. मोठ्या कंपन्यांना हे लायसन्स आवडतं ते यामुळे. आरोग्य सेतू अ‍ॅपचा अँड्रॉइड कोड मे २०२० मध्ये खुला केला, तोही याच लायसन्सखाली.

चौथी पायरी: प्रत कोणाच्या हातात जातेय?

हा या लेखाचा गाभा, म्हणून इथे जरा थांबू.

जीपीएलची सोर्स देण्याची अट वापराला लागत नाही, वितरणाला लागते. तुम्ही जीपीएलचा कोड तुमच्याच मशीनवर बदलून वापरलात, तर कोणालाही काही द्यावं लागत नाही. प्रत दुसऱ्याच्या हातात गेली की अट जागी होते. आपल्या कामात चार शक्यता आहेत.

एक, सर्व्हर तुमचा आणि पतसंस्था ब्राउझरमधून वापरते. सर्व्हरवरच्या कोडची प्रत कोणाकडे गेलेली नाही. साध्या जीपीएलची अट लागत नाही.

दोन, पतसंस्थेच्या कार्यालयातल्या मशीनवर तुम्ही सॉफ्टवेअर बसवून देता. हे वितरण झालं. जीपीएलचा कोड तुमच्या कोडशी एकजीव असेल, तर सगळ्याचा सोर्स पतसंस्थेला जीपीएलखाली द्यावा लागतो. इथे एक मोठा गैरसमज आहे: सोर्स अख्ख्या जगाला द्यावा लागत नाही, ज्याला प्रत दिली त्याला द्यावा लागतो. मात्र पतसंस्थेने तो शेजारच्या तालुक्यातल्या पतसंस्थेला दिला, तर तुम्ही अडवू शकत नाही. तुम्ही पैसे किती घेतले याच्याशी जीपीएलला देणंघेणं नाही.

तीन, अँड्रॉइड अ‍ॅप. प्रत्येक एजंटाच्या फोनवर प्रत जाते, म्हणजे उघड वितरण.

चार, आणि हे सुटतं: ब्राउझरकडे जाणारी जावास्क्रिप्ट. सर्व्हर तुमचा असला, तरी ती फाईल मॅनेजरच्या संगणकावर उतरते. तेही वितरणच.

वितरणाची अट मोडल्यावर काय होतं, याचं गाजलेलं उदाहरण लिंकसिसच्या निळ्या-काळ्या राउटरचं. आत लिनक्स होतं, सोर्स दिलेला नव्हता. लोकांच्या ते लक्षात आलं, बोंबाबोंब झाली आणि २००३ मध्ये सोर्स बाहेर आला. त्या कोडवर लोकांनी राउटरसाठी ओपनडब्ल्यूआरटी ही ऑपरेटिंग सिस्टिम उभी केली, जी आजही जगभर वापरात आहे. लिंकसिस विकत घेणाऱ्या सिस्कोवर फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने २००८ च्या डिसेंबरात दावा लावला आणि २००९ मध्ये तडजोड झाली.

एलजीपीएल लायब्ररींसाठी सौम्य आहे. सायकोपीजी नेहमीसारखी इम्पोर्ट करून वापरा, तुमचा कोड बंद ठेवा. सायकोपीजीतच बदल करून दिलात तर तेवढा बदल खुला करावा लागतो, आणि ग्राहकाला ती लायब्ररी बदलून दुसरी आवृत्ती घालता आली पाहिजे. पायथनमध्ये हे आपसूक होतं. सगळं एका एक्झिक्युटेबलमध्ये बंद करून देत असाल, तर मात्र विचार करावा लागेल.

आता पीडीएफ. तयार पावत्या एकत्र जोडायला, त्यांवर शिक्का मारायला अनेकजण पायम्युपीडीएफ घेतात. वेगवान आहे, सोपं आहे. आणि एजीपीएल आहे. पहिल्या शक्यतेतली पळवाट बुजवण्यासाठीच एजीपीएल आलं: सॉफ्टवेअर बदलून नेटवर्कवरून लोकांना वापरायला दिलंत, तर त्या वापरणाऱ्यांनाही सोर्स द्या. म्हणजे 'सर्व्हर माझाच आहे' हा बचाव इथे चालत नाही. या लायब्ररीमागची कंपनी तेच सॉफ्टवेअर पैसे घेऊन व्यापारी लायसन्सखालीही देते. बंद सॉफ्टवेअर करणाऱ्याने ते घ्यावं हाच त्यामागचा हिशोब आहे आणि तो अगदी रास्त आहे. नको असेल तर पर्याय आहेत. जोडकामाला पायपीडीएफ आणि पावती बनवायला वीजीप्रिंट, दोन्ही बीएसडी. वीजीप्रिंट अक्षरांची मांडणी पँगोकडून करून घेतं, त्यामुळे 'ज्ञानेश्वर' आणि 'कृष्णाबाई' पावतीवर तुटक उमटत नाहीत. मराठीत काम करणाऱ्याला हे कारण लायसन्सइतकंच महत्त्वाचं. पँगो एलजीपीएल आहे, ती अडचण नाही.

आलेखांचं प्रकरण वेगळं. हायचार्ट्सचा कोड गिटहबवर दिसतो, सहज उतरवता येतो, म्हणून तो ओपन सोर्स समजला जातो. तसा तो नाही. व्यापारी कामासाठी पैसे भरून लायसन्स घ्यावं लागतं. चार्टजेएस एमआयटी आहे, ईचार्ट्स अपाची. पिग्मीच्या चार स्तंभांना ते पुरेसे आहेत.

फॉन्टचं सोपं आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे. तो अ‍ॅपमध्ये घाला, पावतीत वापरा, पावतीवर कोणतीही अट लागत नाही. नुसता फॉन्ट तेवढा सुटा विकायचा नाही.

पाचवी पायरी: यादी करा, तीही मशीनकडून

वर सात-आठ नावं घेतली, पण प्रत्यक्षात प्रत्येक लायब्ररी आणखी दहा ओढून आणते. हाताने मोजत बसू नका. पायथनसाठी पिप-लायसन्सेस, नोडसाठी लायसन्स-चेकर, आणि फाइलींच्या आत डोकावून बघायला स्कॅनकोड ही साधनं आहेत. निघालेल्या यादीत 'अननोन' लिहिलेल्या ओळी आधी बघा. पॅकेजच्या माहितीत एमआयटी आणि आतल्या फाइलीत जीपीएल, असंही सापडतं. तसं दिसलं तर फाईल खरी धरा.

यादीत नाव आणि लायसन्ससोबत आवृत्ती लिहा, कारण लायसन्सं बदलतात. मोंगोडीबीने २०१८ मध्ये, इलॅस्टिकने २०२१ मध्ये, हॅशिकॉर्पने २०२३ मध्ये आणि रेडिसने २०२४ मध्ये लायसन्स बदलली. त्यांच्या नव्या अटी ओपन सोर्सच्या व्याख्येत बसणाऱ्या नव्हत्या. लोकांनी जुन्या कोडवरून ओपनसर्च, ओपनटोफू, वाल्की हे फाटे फोडले. पुढे इलॅस्टिक आणि रेडिस दोघांनीही एजीपीएलचा पर्याय परत दिला. जी आवृत्ती जुन्या लायसन्सखाली बाहेर आली, ती त्याच लायसन्सखाली राहते, म्हणून आवृत्तीचा आकडा हाच तुमचा पुरावा.

मिश्रणाचा एक नियम लक्षात ठेवा: अपाची लायसन्सचा कोड जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत मिसळता येतो, 'फक्त दुसरी आवृत्ती' म्हणणाऱ्यात नाही. लिनक्सचा गाभा याच दुसऱ्या प्रकारातला आहे.

ईआरपीनेक्स्ट या व्यवसायाचे हिशोब सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांसाठी खास. मुंबईच्या फ्रापेचं हे उत्पादन जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आहे, पण ज्या फ्रापे फ्रेमवर्कवर ते उभं आहे ते एमआयटी. नुसत्या फ्रेमवर्कवर लिहिलेलं तुमचं अ‍ॅप बंद ठेवता येतं. ईआरपीनेक्स्टचं इन्व्हॉइस बदलून, त्याचे क्लास पुढे ओढून लिहिलेलं अ‍ॅप ग्राहकाला देताना जीपीएल गृहीत धरून किंमत ठरवा. पैसे बसवण्यासाठी, प्रशिक्षणासाठी आणि देखभालीसाठी घ्या. फ्रापेचा धंदाही कोड लपवण्यावर उभा नाही.

सहावी पायरी: स्वतःचा कोड खुला करायचा असेल तर

पतसंस्थेच्या कामात तुम्ही रकमा मराठी अक्षरांत लिहिणारं एक छोटं मोड्यूल केलंत, 'एक लाख तेवीस हजार चारशे छप्पन्न रुपये फक्त' असं. ते खुलं करावंसं वाटलं. आधी मालकी तपासा, पहिल्या पायरीसारखीच. हक्क संस्थेला लिहून दिले असतील, तर संस्थेची लेखी परवानगी घ्या.

लायसन्स निवडताना माझं मत असं: छोट्या लायब्ररीला एमआयटी किंवा अपाची, म्हणजे लोक बिनधास्त वापरतात. अख्खं उत्पादन खुलं करताय आणि कोणी ते बंद करून विकू नये असं वाटतं, तर जीपीएल. ते सर्व्हरवर चालणारं असेल तर एजीपीएल. क्रिएटिव्ह कॉमन्स कोडला लावू नका, त्या संस्थेचाच तसा सल्ला आहे. आणि स्वतःचं लायसन्स तर मुळीच लिहू नका. हौसेने लिहिलेल्या चार ओळी कोणत्याही कंपनीचा वकील पास करत नाही.

मग रेपोच्या मुळाशी लायसन्सची फाईल ठेवा, मूळ मजकूर जसाच्या तसा. वर्ष आणि नाव भरा. मुद्दाम सांगतोय, कारण रिकाम्या चौकटी तशाच ठेवलेले कितीतरी रेपो दिसतात. प्रत्येक सोर्स फाइलीच्या वर एसपीडीएक्सची, म्हणजे लायसन्सचं नाव ठरलेल्या पद्धतीने सांगणारी, एक ओळ टाका, साधनांना ती वाचता येते. नावाचा हक्क लायसन्समध्ये येत नाही, हेही ध्यानात असू द्या. फायरफॉक्स ब्राउझरचा कोड खुला होता, तरी नावाच्या वादातून डेबियनने २००६ पासून जवळपास दहा वर्षं तो आइसवीझल नावाने दिला.

दुसऱ्यांचे पॅच, म्हणजे त्यांनी सुचवलेले कोडमधले बदल, घ्यायला लागलात की त्या ओळींचे मालक ते होतात. पुढे लायसन्स बदलायचं म्हटलं तर एकेकाची संमती लागते. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरच्या मंडळींनी मूळ इंजिन जीपीएलवरून एलजीपीएलवर नेताना असेच लेखक शोधून काढले होते. हे टाळायला काही प्रकल्प आधीच करार लिहून घेतात. लिनक्समध्ये प्रत्येक पॅचखाली सही असते, की हा कोड देण्याचा मला हक्क आहे. छोट्या प्रकल्पाला सहीची पद्धत पुरते.

आणि कोणाची मेल आलीच तर

एखाद्या दिवशी कोणीतरी लिहितं: तुमच्या अ‍ॅपमध्ये माझा जीपीएल कोड आहे, सोर्स कुठे? मेल दाबून ठेवू नका. त्याच दिवशी पोच द्या, पाचव्या पायरीतली यादी काढा, आणि म्हणणं खरं असेल तर सोर्स द्या किंवा तो कोड काढून नवी आवृत्ती सोडा. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत पहिल्यांदाच चूक झालेल्याला सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत दुरुस्ती केली, तर हक्क परत मिळतात. दुसऱ्या आवृत्तीत अशी सवलत लिहिलेली नाही, भंग झाला की परवानगी संपते. लिनक्सच्या अनेक विकासकांनी मात्र २०१७ मध्ये ती ३० दिवसांची सवलत आपल्या बाजूने जाहीर केली. लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा सोर्सच हवा असतो. उत्तरच मिळालं नाही, की मग तो वकिलाकडे जातो.